ठकी अडली तो दिवस

पिंजऱ्यावरचं फडकं काढलं की ठकी आधी तुरा उभारते. मग एका बाजूचा पंख आणि पाय एकदमच मागे ताणून आळस देते, आणि मग शिट्टी. तीन वर्षं आमच्या घराची सकाळ अशीच होते आहे. गेल्या डिसेंबरात एका सकाळी फडकं काढलं तर ठकी दांडीवर नव्हती. खाली, तळाच्या कागदावर बसली होती. पिसं फुलवून, डोळे अर्धवट मिटून, पाय फाकवून. तुरा डोक्याला चिकटलेला. आणि शेपटी दर श्वासागणिक खाली-वर, खाली-वर, हातपंपाच्या दांड्यासारखी.

कागदावर शी नव्हती. रात्रभराची एकही नाही. रोज सकाळी मोठा ढीग असतो, तो बघून मी कागद बदलते. त्या दिवशी कागद कोरा होता.

ठकी म्हणजे कॉकाटील, पोपटाच्याच कुळातली. अंगानं पांढरट पिवळी, गालावर नारिंगी टिकली. मूळचा हा पक्षी ऑस्ट्रेलियाचा, पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेलेच मिळतात. (आपला हिरवा देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ज्यांच्या घरी तो असतो ते भीतीपोटी डॉक्टरकडे नेत नाहीत, आणि तो बिचारा आतल्या आत मरतो. हे मी माझ्या माहेरच्या गल्लीत पाहिलं आहे.) विकणाऱ्यानं ठकीला नर म्हणून दिलं होतं. राखाडी कॉकाटीलमध्ये नराचा चेहरा पिवळा होतो, मादीचा मळकटच राहतो, म्हणून ओळखता येतं. या पिवळ्या जातीत ते अवघड. वर्षभरानं शेपटीच्या पिसांखाली पिवळे आडवे पट्टे दिसले तेव्हा कळलं की ही मुलगी आहे. लेकीनं तेव्हा नाव बदलून ठकी ठेवलं.

त्या सकाळी माझे हात का थरथरले ते सांगायला हवं. ठकीच्या आधी आमच्याकडे एक बजरिगार होता, छोटासा निळा पोपट. पावसाळ्यात एक दिवस तो असाच फुगून बसला. मी म्हटलं, गारठा आहे, थंडी वाजत असेल. संध्याकाळी दाणे टिपताना दिसला म्हणून जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तळाशी उताणा होता. नंतर समजलं, तो दाणे खात नव्हताच, नुसती टरफलं चिवडत होता. पक्षी आजार लपवतात. रानात जो अशक्त दिसतो त्याच्यावरच ससाणा पडतो, म्हणून शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखं वागायचं हे त्यांच्या रक्तातच असतं. आपल्याला जेव्हा दिसतं, तेव्हा तो पक्षी लपवण्याची ताकदही गमावून बसलेला असतो. म्हणून "उद्यापर्यंत वाट बघू" हे वाक्य मी त्या दिवशी स्वतःला म्हणू दिलं नाही.

तेवढ्यात सासूबाई आल्या. आईंचं माहेर पाटण खोऱ्यातलं, गाई, म्हशी, कोंबड्या यांच्यात त्यांचं लहानपण गेलं. त्यांनी चष्मा वर सरकवून पिंजऱ्यात पाहिलं. ठकीनं शेपटी खाली दाबली, अंग आवळलं, सैल सोडलं. पुन्हा आवळलं.

"अगं, ही कळा देतीय," आई म्हणाल्या. "ही अडलीय."

मला पटेना. घरात नर नाही, अंडं कुठून येणार? आई म्हणाल्या, "कोंबडी घालती का न्हाई कोंबड्याबिगर?" खरंच की. नर नसला तरी मादी अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. आणि मग मागचे पंधरा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून सरकले. ठकी पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या मागच्या अंधारात शिरून बसायची. वर्तमानपत्राच्या पट्ट्या पाडायची. आम्ही कौतुकानं फोटो काढले. निळा गेल्यापासून मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पक्ष्याचं वजन करते आणि कॅलेंडरवर लिहिते. ठकीचं वजन ९१, ९२ च्या आसपास असायचं. त्या रविवारी ९९ भरलं होतं. मी त्यापुढे हसरा चेहरा काढला होता. अंग धरलं म्हणून.

आता काय करायचं, तर पहिली गोष्ट ऊब. हे मला निळ्याच्या वेळी माहीत नव्हतं. आजारी पक्ष्याची सगळी शक्ती अंग गरम ठेवण्यात जाते, आणि डिसेंबरात साताऱ्याची सकाळ म्हणजे विचारायलाच नको. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, तळाशी दुमडलेला टॉवेल घातला. गरम पाण्याची रबरी पिशवी दुसऱ्या टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली, म्हणजे उकडलं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता यावं. लेकीच्या माशांच्या टाकीतला थर्मामीटर आत टेकवला. ठकीला उचललं तेव्हा तिनं बोट चावलं नाही. ही तिची पद्धत नव्हे, आणि त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटली. उजवा पाय माझ्या बोटाला आवळला, डावा नुसताच टेकला. बोटं उघडीच.

मग फोन. गावातल्या तीन ठिकाणी लावला. दोघांनी सरळ सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरं आणि जनावरं बघतो, पक्षी नाही. मला त्यांचा राग नाही, उलट न येणारं काम अंगावर न घेणं हे बरंच. तिसऱ्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका पक्ष्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला आणि म्हणाले, "वेळ घालवू नका, गाडी काढा." या सगळ्यात पाऊण तास गेला. हा नंबर पक्षी घरात आणला त्याच दिवशी माझ्याकडे असायला हवा होता. तो आता फ्रिजच्या दारावर आहे, आणि त्याखाली रात्री उघड्या असणाऱ्या दुसऱ्या दवाखान्याचाही.

दरम्यान शेजारच्या काकू एरंडेलाची बाटली घेऊन आल्या. कोंबडीला लावतात, दोन थेंब सोड आणि पोटावरून हळूच खाली दाब, सुटते. काकूंच्या मनात माया होती आणि मी पाच-दहा सेकंद बाटलीकडे पाहतही राहिले. पण पुण्याच्या डॉक्टर तेवढ्यात फोनवर आल्या आणि मी विचारण्याआधीच म्हणाल्या, "पोट दाबायचं नाही. तेल नाही. ड्रॉपरनं पाणी नाही, दूध नाही, ब्रँडी तर नाहीच."

मग प्रश्न. शी शेवटची कधी झाली? चोच उघडी टाकून श्वास घेते का? दोन्ही पाय धरते का? वजन किती? आधी कधी अंडं घातलंय का? खायला काय देता? मी उत्तरं देत गेले आणि खाण्याच्या प्रश्नाला माझा आवाज खाली गेला. राळा, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया. सूर्यफुलाच्या बियाच जास्त, कारण त्याच तिला आवडतात.

त्यांनी खोक्यात तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवायला सांगितली, आणि जमलं तर दमटपणा. मी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला पंच्याचा तुकडा वाटीत घालून कोपऱ्यात ठेवला. दाबायचं का नाही, हे त्यांनी नंतर दवाखान्यात समजावलं. पक्ष्याला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा नसतो. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलतो तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छातीभोवती मूठ आवळली की नाकातोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. शिवाय आतलं अंडं फुटलं तर कवचाच्या धारेनं नळी फाटते. चोचीत घातलेलं पाणी अशक्त पक्ष्याच्या श्वासनळीत उतरतं. प्रेमानं केलेल्या उपायांनी मेलेले पक्षी त्यांच्याकडे नेहमी येतात, असं त्या म्हणाल्या.

पावणेदहाला निघालो. नवऱ्यानं रजा टाकली. मी मागच्या सीटवर, मांडीवर खोकं. काचा बंद, एसी बंद, गाणी बंद. आनेवाडीचा टोलनाका गेला, सुरूर गेलं. मी भोकातून मोबाइलच्या उजेडात बघत होते. नवरा दर पाच मिनिटांनी विचारायचा, "आहे?" मी म्हणायचे, "आहे." खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो तेव्हा अंधारात मला काहीच दिसेना आणि त्यानं विचारलंही नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर थर्मामीटर पाहिला, सव्वीस. पिशवी निवत चालली होती.

शिरवळच्या अलीकडे एका हॉटेलापाशी थांबलो. गल्ल्यावरच्या माणसाला म्हटलं, पिशवीत गरम पाणी भरून द्याल का, आत आजारी पक्षी आहे. त्यानं काही विचारलं नाही. चहाच्या बंबाखाली पिशवी धरली, भरली, बूच स्वतः घट्ट लावून उलटी करून गळत नाही ना ते पाहिलं, आणि पैसे घेतले नाहीत. "जावा, जावा लवकर," एवढंच म्हणाला.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. मला वाटलं लगेच टेबलावर घेतील. तर डॉक्टरांनी खोक्याचं झाकण अर्धं उचललं, वाकून पाहिलं आणि तिला हातही न लावता ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं. धडपडीत धरलं तर हातातच जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तिला श्वास घेऊ द्यायचा. वीस मिनिटांनी शेपटीचा पंप थोडा मंदावला. मग एक्स-रे.

तो एक्स-रे मी विसरणार नाही. एवढ्याशा पक्ष्याची हाडं, काडेपेटीतल्या काड्यांसारखी, आणि पोटात तिच्या डोक्यापेक्षा मोठं वाटणारं अंडं. त्याची कड पुसट होती. डॉक्टरांनी पेनानं मांडीचं हाड दाखवलं. अंडी घालण्याच्या दिवसांत मादी आपल्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियम साठवते, कवचासाठी. एक्स-रेत ती हाडं भरीव, पांढरीधोप दिसायला हवीत. ठकीची पोकळच दिसत होती. साठवायला काही मिळालंच नव्हतं. अंड्याचं कवच करायला कॅल्शियम लागतं, आणि अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंना आवळायलाही तेच लागतं. तिच्याकडे दोन्हींना पुरेल एवढं नव्हतं. म्हणून कवच पातळ, आणि कळांना जोर नाही. अडलेलं अंडं पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाबत होतं, म्हणून डावा पाय धरत नव्हता. शी तुंबली होती तीही त्यामुळेच.

मी म्हटलं, पण आमच्या खिडकीत ऊन येतं, तिचा पिंजरा उन्हातच असतो. काच बंद असते का, त्यांनी विचारलं. बंद असते, वारा लागू नये म्हणून. ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं ते खिडकीच्या काचेतून येतच नाहीत, असं त्या म्हणाल्या. आणि ड जीवनसत्त्वावाचून खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. तीन वर्षं मी तिला ऊन दाखवत होते, देत नव्हते.

कॅल्शियमचं इंजेक्शन छातीच्या स्नायूत दिलं. कोमट सलाइन कातडीखाली सोडलं, तिथे हरभऱ्याएवढा फुगा आला. मग ऊबदार, दमट पेटीत ठेवून वर कापड टाकलं. आता वाट बघायची. बऱ्याच माद्या एवढ्यावरच काही तासांत सुटतात, त्या म्हणाल्या.

मी बाकावर बसून होते. समोर एका मुलाच्या हातात लव्हबर्ड होता, त्याचं नवं पीस मुळाशी मोडून रक्त येत होतं. वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असतं हे मला तेव्हा कळलं. आत घेण्याआधी नर्सनं कापसानं दाबून धरलं आणि त्या मुलाला ओरडल्या की घरी कॉर्नफ्लोअर दाबून का नाही धरलंस. ठकीसारख्या नव्वद ग्रॅमच्या पक्ष्यात सगळं मिळून नऊ मिलिलिटर रक्त, म्हणजे दोन छोटे चमचेही नाही. लव्हबर्डमध्ये त्याहून कमी. जमिनीवर पडलेले पाच-सहा थेंब मी मोजले आणि पहिल्यांदाच त्यांचा अर्थ लागला.

चार वाजले तरी अंडं आलं नाही. ठकी पुन्हा दमली होती. डॉक्टर बाहेर येऊन शेजारी बसल्या. अंड्याचं टोक दिसतंय, पण ढकलण्याची ताकद संपलीय. भूल देऊन, सुईनं अंड्यातलं बलक ओढून घ्यायचं आणि रिकामं कवच दबलं की काढायचं. भुलेत जीव जाण्याचा धोका आहे. न केलं तर रात्र निघेल असं वाटत नाही. नवऱ्यानं सही केली. माझ्याकडून होईना.

पंचवीस मिनिटं लागली. ट्रेमध्ये कवचाचे तुकडे होते, बोटांनी दाबले तर कागदासारखे वाकणारे. ठकी टॉवेलात गुंडाळलेली होती, फक्त डोकं बाहेर. डोळा उघडला, मिटला. मी तिची शिट्टी हळूच वाजवली. तुरा किंचित हलला, अर्ध्या इंचाहून कमी. तेवढंच मला दिसलं, नंतर डोळ्यांत पाणी आल्यानं काही दिसेना.

एक रात्र ती तिथेच राहिली. एकूण खर्च साडेसात हजारांच्या आसपास आला. हे मुद्दाम लिहिते, कारण पक्षी घेताना आपण पक्ष्याची किंमत विचारतो, ही विचारत नाही.

निघताना डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मात्र पोटात गोळा आला. कॉकाटील एका खेपेला चार-सहा अंडी घालते, साधारण दिवसाआड. म्हणजे दुसरं अंडं वाटेवर असू शकतं. पातळ औषध लिहून दिलं, दिवसातून दोनदा, मोजून, आणि आता ती स्वतः खात असल्यामुळे भिजवलेल्या दाण्यांवर घालून. रात्री दिव्याऐवजी ऊब देणारा पॅड, कारण उजेड जास्त तास राहिला की तिचं शरीर अंडी घालायचा मोसम आहे असं धरतं. आमच्याकडे रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि ट्यूबलाइट. आता साडेसहाला फडकं पडतं. पाठीवरून हात फिरवणं बंद, डोकं आणि मान फक्त. पाठीवरचा हात तिला जोडीदाराचा वाटतो. आणि शब्दकोशाच्या मागची जागा मी त्याच संध्याकाळी बंद केली.

दुसऱ्या अंड्याची रात्र आईंनी आणि मी वाटून जागवली. त्या बारा ते तीन, मी तीन ते सकाळ. ठकी तळाशी टॉवेलावर होती, डावा पाय अजून लुळा. साडेचारला तिनं अंग आवळायला सुरुवात केली. मी घड्याळ लावून बसले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कळा सुरू होऊन दोन तास उलटले तर फोन करा, कितीही वाजलेले असोत. गाडीची किल्ली टेबलावर, पिशवीचं पाणी गॅसवर. आई परत उठून आल्या आणि देवाजवळ न जाता माझ्याजवळ येऊन बसल्या. उदबत्ती लावायला उठल्या होत्या, पण धूर पक्ष्याच्या फुप्फुसाला सोसत नाही हे त्यांनी दवाखान्यातल्या पाटीवर वाचलेलं, डासांची कॉइल आणि करपलेला नॉनस्टिक तवा यांच्या बरोबरीनं. तो तवा आईंनीच आदल्या दिवशी बाहेर काढला होता.

पावणेसहाला ठकी एकदम उभी राहिली. टॉवेलावर पांढरं, ओलसर, आवळ्याहून जरा लहान अंडं. मी हात घातला तर तिनं फिस्स केलं आणि बोटाला चावली. चांगलीच चावली. मी आईंकडे बघितलं, त्या हसत होत्या.

अंडं काढून टाकायचं नाही हे मला चमत्कारिक वाटलं होतं. काढलं की ती भर घालायला आणखी घालते. ठेवलं तर बसते आणि थांबते. तसंच झालं. आणखी एक आलं, मग ती दोन्हींवर तीन आठवड्यांच्या आसपास बसली, आणि एके दिवशी आपणहून उठून दांडीवर गेली. डाव्या पायाची पकड तोवर परतली होती. पहिल्या आठवड्यात बोटं जेमतेम मिटायची, पुढे एकेक करून आवळायला लागली.

सूर्यफुलाच्या बिया आता फक्त हातातून, दिवसाला चार-पाच. बाकी पक्ष्यांचं तयार खाद्य, मोड आलेले मूग, शिजवलेली नाचणी, शेवग्याचा पाला. सुरुवातीला तिनं नाचणी वाटीसकट उलटी केली. दीड महिना गेला सवय व्हायला, आणि त्या काळात वजन रोज करावं लागलं, कारण हट्टानं उपाशी राहिलेला पक्षीही मरतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेन काष्ठौषधींच्या दुकानातून आणतो, तारेनं पिंजऱ्याला बांधला आहे. रोज सकाळी खिडकी पूर्ण उघडून, अर्धा पिंजरा सावलीत ठेवून वीस मिनिटं ऊन, आणि तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसतं, कावळे आणि मांजरामुळे. बहुतेक आईच असतात. शेवग्याच्या काड्या खुडत बसतात आणि एकेक डहाळी तारांतून आत सरकवतात.

कॅलेंडरवर आता हसरा चेहरा काढत नाही. नुसता आकडा लिहिते. आज ९१.